बालगृहात पहिल्यांदा जाताय ना?

ताई, शनिवारपासून बालगृहात शिकवायला जाताय हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढं सांभाळा:

१. झेपेल तेवढंच कबूल करा. महिन्यातून दोनच शनिवार चालतील, पण चुकवू नका. आमच्याकडची एक मुलगी चार वाजल्यापासून वही घेऊन फाटकाशी उभी राहायची. न कळवता दांडी मारणाऱ्या दादाशी ती पुढे महिनाभर बोलली नाही.

२. मुलांचे फोटो कुठेही टाकू नका. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार त्यांची ओळख उघड करायला मनाई आहे. स्टेटसलाही नको.

३. 'आई-बाबा कुठे असतात?' असं कधीच विचारू नका.

खाऊ न्यायचा तर आधी अधीक्षकांना विचारा. नावं मात्र पहिल्याच दिवशी पाठ करा.