कानाला येतं, डोळ्याला येत नाही

"या वयात पियानो शिकायला घेतला, पण नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, डोक्यात शिरत नाही. सोडून देऊ का?" हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशीपुढचे. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, त्यांचा कीबोर्ड घरात पडून. हौसेनं क्लास लावतात आणि काही महिन्यांत पडेल चेहऱ्यानं माझ्यासमोर येऊन बसतात. मी समुपदेशक, काही पियानो शिकवत नाही, पण ही तक्रार क्वचितच पियानोची असते.

एकांची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. खानापूरकडचे गृहस्थ, तरुणपणापासून भजनी मंडळात पेटीला. बेळगावात पेटीचा विषय निघाला की रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांचं नाव येतंच. त्या वारशाचा अभिमान इथल्या साध्या पेटीवाल्यालाही असतो. यांनाही होता.

"शेजारी चौथीतली पोरगी बसते. नवा कागद ठेवला की धडाधड वाचते. मी सरांना म्हणतो, एकदा वाजवून दाखवा. ऐकलं की मला येतं, मग कागदाकडं बघत वाजवतो. परवा सर म्हणाले, आज मी वाजवणार नाही, तुम्ही वाचा. हातच गार पडले ओ."

"मनात काय आलं?"

"इतकी वर्षं वाजवलं ते फुकट. मला संगीत येतच नव्हतं."

हे वाक्य मी सोडलं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ विचारावर माझी घडण झाली आहे. कागद वाचता न येणं ही अडचण. 'म्हणजे मला काहीच येत नाही' हा त्यावर चढवलेला निकाल, आणि झोप उडवतो तो निकाल. पण हे तोंडानं सांगून पटत नाही, हेही मला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून आधी अडचण नीट समजून घेतली. पेटीवर सा हलतो: मंडळानं काळी चारला, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला, सूर धरला की सा तिथं. कागदावरची खूण मात्र एकाच पट्टीला बांधलेली, तुमचा सा कुठंही असो. शिवाय डाव्या हातानं जन्मभर भाता मारलेला. पियानोत त्यालाही सूर वाजवायचे. त्रास खरा होता. मग विचारलं,

"कन्नड येतं?"

"म्हणजे काय! बाजारात निम्मं बोलणं कन्नडच."

"वाचता?"

"अक्षर लावत लावत. शाळा मराठी आमची. बोर्ड वाचेपर्यंत बस पुढं जाते."

"मग कन्नड येत नाही म्हणायचं?"

"बोलायला येतंय की ओ! वाचायचं वेगळं…" ते थांबले. बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "हे पण तसंच म्हणता?"

"मी काहीच म्हणाले नाही."

एवढ्या वर्षांत मी जे शिकले, ते या चार शब्दांत आहे असं मला वाटतं. निष्कर्ष माणसाच्या तोंडून यावा लागतो. पुढचंही तेच बोलले: "त्या पोरीला ऐकून एक ओळ वाजवता येणार नाही." त्यात जरा खुशी होती. असू दे.

अशा कानसेन मंडळींना मी आता सरळ सांगते: वाचनाला रोज पंधरा मिनिटं वेगळी ठेवा आणि तेवढा वेळ कानाला सुट्टी द्या. यूट्यूबवर आधी ऐकायचं नाही. तुमच्या हाताला येतं त्यापेक्षा पुष्कळ सोपा कागद घ्या, एकाच हाताचा, चारच मात्राखंडांचा (उभ्या रेघांमधल्या घरांचा). चुकलं तरी मागं न जाता संथपणे शेवट गाठा. खुणांखाली सा-रे-ग लिहून ठेवायची सवय फार जणांना असते. मग डोळा देवनागरीच वाचतो, सूर ज्यांवर मांडतात त्या पाच ओळींकडं जातच नाही. त्यापेक्षा तीन ठिकाणं पक्की करा. ट्रेबल क्लेफ, म्हणजे उंच सुरांच्या ओळींच्या सुरुवातीची खूण; तिचं वळण ज्या ओळीभोवती फिरतं ती खालून दुसरी, तिथं 'जी' हा सूर. बास क्लेफ ही खालच्या सुरांची खूण; तिचे दोन ठिपके ज्या ओळीच्या वर-खाली असतात ती खालून चौथी, तिथं 'एफ'. दोन्हींच्या मध्ये, छोट्या स्वतंत्र रेघेवर, मधला 'सी'. बाकीचे सूर तिथून पायरी-पायरीनं मोजा. आणि सरांना खरं सांगा, की तुम्ही ऐकून वाजवत होता. चांगल्या शिक्षकाला ते बहुधा कळलेलंच असतं.

घरच्यांना एवढंच, की पाहुणे आले म्हणून "पियानो वाजवून दाखवा" असा आग्रह धरू नका. हे गृहस्थ तर आता अशा वेळी सरळ पेटीच काढतात.