सिझरनंतरच्या दुखण्यासाठी करंटचं मशीन लावू का?

प्रश्न: ताई, आठवड्यापूर्वी माझं सिझर झालं, आता भांडुपला आईकडे आलेय. खाटेवरून उठताना आणि बाळाला घेताना टाके असे ओढतात की डोळ्यांत पाणी येतं. हॉस्पिटलमध्ये फिजिओने टेन्सचं मशीन (कातडीला पॅड चिकटवून हलका करंट देणारं) लावलेलं, बरं वाटलं होतं, म्हणून नवऱ्याने तसंच मशीन आणलंय. पण आई म्हणते करंट बाळाला लागेल, दूध आटेल. काय करू? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: आधी आईची काळजी दूर करते. करंट दोन पॅडच्या मधल्या कातडीतून आणि त्याखालच्या भागातूनच जातो, बाळ त्या वाटेत नसतं, आणि हे औषध नाही त्यामुळे दुधात काही उतरत नाही की दूध आटत नाही. फक्त पाजताना बाळाचा हात किंवा पाय पॅडला लागणार नाही आणि वायरी त्याच्यात अडकणार नाहीत एवढं बघायचं.

आता मशीन काम कसं करतं ते. कोपर कुठे आपटलं की आपण पटकन चोळतो आणि जरा बरं वाटतं ना, तसंच. स्पर्शाचे सिग्नल मणक्यात पोचले की दुखण्याचे सिग्नल तिथेच दबतात, मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये ही थिअरी मांडली आणि टेन्स त्यातूनच पुढे आलं. पण दुखण्याचं मूळ त्याने जात नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन टायमावर घ्यायचंच, मशीन आलं म्हणून गोळ्या बंद करू नकोस, अंगावर पाजताना या दोन्ही चालतात.

पॅड टाक्यांवर कधीच नाही. टाक्यांच्या वर आणि खाली, दोन-तीन सेंटिमीटर सोडून, चांगल्या कातडीवर लावायचे. आणि एक गोष्ट बहुतेक कोणी सांगत नाही, सिझरनंतर टाक्यांच्या आजूबाजूची कातडी कित्येक महिने बधिर राहू शकते, तिथे करंट जास्त झाला तरी कळत नाही आणि चटका बसू शकतो, म्हणून आधी बोट फिरवून बघ आणि जिथे नीट कळतंय तिथेच पॅड लाव. मालिशवाल्या बाई येत असतील तर तेल लागलेल्या पोटावर पॅड नीट चिकटत नाही, अर्धवट चिकटला की टोचल्यासारखं होतं, आपल्याकडच्या घामाने पण तेच होतं. तेव्हा पोट पुसून कोरडं करून मगच लाव.

फ्रिक्वेन्सी, म्हणजे करंटचे ठोके सेकंदाला किती, ती ८० ते १०० हर्ट्झ ठेव. करंट हळूहळू वाढव, जोरात मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे पण दुखायला नको आणि स्नायू उडायला नको. पुष्कळ जणी घाबरून इतकं कमी ठेवतात की जेमतेम जाणवतं आणि मग म्हणतात मशीन बेकार आहे. थोड्या वेळाने सवय होऊन जाणवेनासं झालं तर परत एक पॉइंट वाढवायचा. खरा फायदा हालचाल करताना होतो, त्यामुळे नुसतं पडून असताना लावण्यापेक्षा उठायच्या, चालायच्या किंवा पाजायला बसायच्या आधी चालू कर आणि ते करताना चालूच ठेव. एका वेळी वीस-तीस मिनिटं पुरे. पाजताना गर्भाशय आकसून जे कळा आल्यासारखं दुखतं त्याला मात्र याचा तेवढा उपयोग होत नाही.

झोपताना आणि आंघोळीला मशीन काढून ठेवायचं. पेसमेकर असेल तर लावायचंच नाही, फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि मशीनच्या खोक्यावर टेन्स लिहिलंय ना ते नवऱ्याला परत बघायला सांग, कारण पोट कमी करायचे बेल्टही तसेच दिसतात पण ते स्नायू आकसवतात, ताज्या टाक्यांवर ते अजिबात नको.

आणि हे अगदी मनापासून सांगतेय: दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, ताप येतोय, टाके लाल होऊन पू किंवा वास येतोय, रक्त जास्त जातंय किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, यातलं एक जरी असेल तर मशीन बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस.