मुलीचा फॉर्म दाखल्यापायी अडवून ठेवू नका

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. अमेरिकेची नागरिक असलेल्या त्यांच्या बहिणीने २००६ मध्ये भावासाठी आय-१३० याचिका, म्हणजे नातेवाइकाला कायमचं अमेरिकेत बोलावण्याचा अर्ज, दाखल केली. ती मंजूर व्हायला ३ वर्षं १० महिने लागले आणि पुढे एफ-४ च्या, म्हणजे अमेरिकन नागरिकांच्या भावंडांसाठी असलेल्या व्हिसाच्या, रांगेत वर्षं गेली. सात महिन्यांपूर्वी त्यांचा क्रमांक लागला. त्यांनी स्वतःचा आणि पत्नीचा डीएस-२६० हा स्थलांतर व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरला. पत्नीची जन्मनोंदच नाही, म्हणून तालुक्याच्या न्यायालयात अर्ज केला. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी आहे, म्हणून तिचा फॉर्म ‘दाखला हातात आला की भरू’ असं ठरवून बाजूला ठेवला. क्रमांक लागला तेव्हा मुलगी २२ वर्षं २ महिन्यांची होती. त्यांचा प्रश्न पत्नीबद्दल आहे: न्यायालयातून दाखला लवकर कसा मिळेल?

पत्नीचा दाखला उशिरा आला तर व्हिसा उशिरा मिळेल, एवढंच. मुलीचा फॉर्म आणखी पाच महिने तसाच राहिला तर तिचा हक्क संपेल, आणि तो परत मिळवण्याचा सोपा रस्ता नाही. पत्रात मुलीबद्दल दोनच ओळी आहेत, म्हणून आधी तिच्याबद्दल.

अमेरिकेच्या कायद्यात ‘मूल’ म्हणजे २१ वर्षांखालची, अविवाहित संतती. एफ-४ ची रांग इतकी लांब आहे की क्रमांक लागेपर्यंत बहुतेकांची मुलं एकवीस ओलांडतात. त्यासाठी ऑगस्ट २००२ मध्ये बाल दर्जा संरक्षण कायदा आला. सगळे त्याला सीएसपीए म्हणतात. त्याचा हिशोब असा: व्हिसा क्रमांक उपलब्ध झाला त्या दिवशीचं वय घ्यायचं आणि त्यातून याचिका जितका काळ मंजुरीविना पडून होती तितका काळ वजा करायचा. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत, फक्त दाखल ते मंजूर हा काळ. तुमच्या मुलीचं वय या हिशोबाने २२ वर्षं २ महिने वजा ३ वर्षं १० महिने, म्हणजे १८ वर्षं ४ महिने. ती व्यवस्थित बसते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं आणि इथेच ते निश्चिंत होतात.

याच कायद्याची दुसरी अट फारसं कुणी वाचत नाही. व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत त्या मुलाने स्वतःसाठी स्थलांतराच्या दिशेने पाऊल उचललेलं असलं पाहिजे. ते उचललं नाही, तर वजाबाकी करून आलेलं वय कामाला येत नाही आणि खरं वय धरलं जातं. तुमच्या मुलीचं खरं वय बावीसच्या पुढे आहे. तुमचा फॉर्म आणि तुमच्या पत्नीचा फॉर्म तिच्या खात्यात जमा होत नाहीत. प्रत्येकाचा डीएस-२६० वेगळा आणि प्रत्येकाचं शुल्क वेगळं, माणशी ३२५ डॉलर.

आणि हा फॉर्म सादर करायला जन्मदाखला लागत नाही. कागदपत्रं अपलोड करणं ही नंतरची, वेगळी पायरी आहे. मुलीचा पासपोर्ट, शाळा-कॉलेजची वर्षं, राहिलेले पत्ते आणि आई-वडिलांच्या जन्मतारखा हाताशी असतील तर फॉर्म एका बैठकीत पूर्ण होतो. सात महिने ज्या कागदाची वाट पाहिलीत, त्याची इथे गरजच नव्हती. एकोणीस वर्षं रांगेत थांबलेल्या कुटुंबाने शेवटच्या टप्प्यावर सूचनापत्र पूर्ण न वाचता मुलीचा फॉर्म बाजूला ठेवावा, याचं वाईट वाटतं. अशी पत्रं सारखी येतात आणि त्यातली काही वर्ष उलटून गेल्यावर येतात.

वर्ष कुठून मोजायचं, यातही गफलत होते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं आणि त्यात दोन तक्ते असतात. एकात अर्ज दाखल करण्याच्या तारखा, दुसऱ्यात अंतिम कार्यवाहीच्या तारखा. नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे एनव्हीसी, पहिल्या तक्त्यावरून तुम्हाला शुल्क आणि कागद मागतं. मुंबईत मुलाखत होणार असेल तर सीएसपीएसाठी दुसरा तक्ता बघायचा: त्यात तुमची अग्रक्रम तारीख, म्हणजे याचिका दाखल झाल्याची तारीख, ज्या महिन्यात खुली झाली, त्या महिन्याची १ तारीख. एनव्हीसीच्या ईमेलची तारीख धरू नका. जुनी बुलेटिनं परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. तुमचा महिना शोधा, ते पान छापून फाइलला लावा. तुमचे सात महिने खरोखर सातच आहेत का, हे त्यावरूनच कळेल.

आता करायचं ते असं. सीइएसी या परराष्ट्र खात्याच्या व्हिसा पोर्टलवर तुमच्या केसमध्ये जा आणि अर्जदारांच्या यादीत मुलीचं नाव आहे का ते पाहा. असेल तर आजच तिचं शुल्क भरा. रक्कम जमा झाल्याची नोंद व्हायला काही दिवस जातात आणि तोवर फॉर्म उघडत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यावर काही ठेवू नका. नाव नसेल, आणि २००६ च्या याचिकेनंतर किंवा तिच्या आगेमागे जन्मलेल्या मुलांचं ते बऱ्याचदा नसतं, तर एनव्हीसीच्या चौकशी फॉर्ममधून नाव जोडण्याची लेखी विनंती करा. सोबत मुलीच्या पासपोर्टची प्रत आणि आहे तसा, कोऱ्या नावाचा का होईना, जन्मदाखला जोडा. याचिकेत नाव नव्हतं म्हणून तिचा हक्क जात नाही. विनंती पाठवल्याची पोच, फॉर्म सादर केल्यावर येणारं पुष्टिपत्र आणि शुल्काची पावती, तिन्हींवर तारीख दिसेल अशा प्रती जपून ठेवा. पुढे वाद झाला तर तुमच्या बाजूचा पुरावा तोच असेल.

शुल्क भरणं हेसुद्धा ‘पाऊल उचलणं’ मानलं जाऊ शकतं. तरीही त्यावर विसंबू नका. सादर झालेला डीएस-२६० हाच सगळ्यांत भक्कम पुरावा. असाधारण परिस्थिती दाखवून वर्षाची अट शिथिल करून घेता येते, हेही खरं आहे. पण ‘दाखल्यात नाव नव्हतं’ हे कारण तिथे टिकेल असं मला वाटत नाही.

तुमच्या स्वतःच्या सादर झालेल्या फॉर्ममध्ये एक जागा तपासा. मुलांच्या माहितीत ‘हे मूल तुमच्यासोबत स्थलांतर करणार आहे का’ असा प्रश्न असतो. मुलीचा फॉर्म मागे ठेवताना तिथे ‘नाही’ लिहिलं असेल, तर ते तिच्या विरोधात वाचलं जाऊ शकतं. सादर झालेला फॉर्म आपल्याला बदलता येत नाही. तो पुन्हा उघडून द्या, अशी विनंती एनव्हीसीला करावी लागते.

मुलीच्या दाखल्यावर नाव चढवण्याचं काम समांतर चालू द्या. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ खाली नोंदीत नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून एक वर्ष विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्कासह १५ वर्षांपर्यंत, असा नियम आहे. तुमच्या मुलीची पंधरा वर्षं उलटली आहेत. या मुदतीला सरकारने वेळोवेळी वाढ दिलेली आहे, तेव्हा ज्या नगरपालिकेत नोंद आहे तिथल्या निबंधकाला सध्याची मुदत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट न्या. नाव चढलंच नाही, तर कोरा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रं असा संच देता येतो. तो बहुधा चालतो, पण हमी देत नाही.

आता पत्नीचा दाखला. तालुक्याच्या न्यायालयात अर्ज कधी केलात ते पत्रात नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. एक वर्षापेक्षा उशिराची जन्मनोंद पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला आहे. तुमचा अर्ज त्यानंतरचा असेल, तर तो चुकीच्या दारात पडला आहे आणि पुढची तारीख मिळाली तरी त्याला अर्थ नाही. आधीचा असून अजून रखडला असेल, तर वकिलांना स्पष्ट विचारा की तो चालणार आहे की काढून घ्यायचा. तालुका न्यायालयांत साध्या बिनविरोध अर्जालाही तारखांवर तारखा पडतात, हे त्या वकिलांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

महसूल खात्याकडे गेलात तरी घाईने काम होईल अशी आशा धरू नका. बोगस दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये महाराष्ट्रात उशिराच्या नोंदींची छाननी खूप कडक झाली. ‘पंधरा दिवसांत काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातही उभं करू नका. आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार होता का, हे आधी बघा. दूतावास गरज वाटल्यास नोंद थेट ग्रामपंचायतीकडून पडताळून घेतो, आणि खोटा कागद सापडला तर अर्जदारावर कायमची बंदी येऊ शकते.

त्यातही १९७९ च्या जन्माची नोंद आज झाली, तर त्या दाखल्याचं व्हिसा अधिकाऱ्यापुढे वजन कमीच असतं. त्याला जन्माच्या जवळच्या काळातला कागद हवा असतो. म्हणून माझा सल्ला असा: उशिराच्या नोंदीची वाट न बघता ग्रामपंचायतीकडून नमुना १० मधला नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या. ज्या जिल्हा परिषद शाळेत त्या पहिलीला गेल्या तिथून जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. दहावीच्या प्रमाणपत्रापेक्षा तो दहा वर्षं जुना पुरावा आहे. आणि दोन प्रतिज्ञापत्रं करा. एक सासूबाईंचं, दुसरं जन्माच्या वेळी जाणत्या वयाच्या नातेवाइकाचं, मोठे मामा किंवा आत्या. पत्नीपेक्षा वयाने लहान भावंडाचं प्रतिज्ञापत्र निरुपयोगी. त्यात लिहिणाऱ्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता, नातं, पत्नीचं जन्मस्थळ, आई-वडिलांची पूर्ण नावं, आईचं माहेरचं नाव आणि ‘हे मला कसं माहीत’ एवढं असावं. पोर्टलवर दाखला ‘मिळू शकत नाही’ असं नोंदवून हा संच कारणपत्रासह चढवता येतो. एनव्हीसीने एखादं कागद पुन्हा मागितलं तर घाबरू नका.

पत्रातली एक गोष्ट मात्र ताबडतोब सुधारा. पासपोर्ट आणि शाळेच्या नोंदीत पत्नीची तारीख १ जून आहे. न्यायालयातल्या अर्जात तुम्ही नोव्हेंबरची तारीख टाकलीत, कारण सासूबाई म्हणतात जन्म दिवाळीच्या सुमाराचा. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण त्या अर्जावर आदेश झाला, तर एकाच व्यक्तीच्या दोन अधिकृत जन्मतारखा तयार होतील आणि पासपोर्ट, डीएस-२६० व दाखला एकमेकांशी भांडतील. सासूबाईंना तारीख आठवत नाही, सण आठवतो. प्रतिज्ञापत्रात तेच प्रामाणिकपणे लिहावं: जन्माची लेखी नोंद केली नव्हती, शाळेत १ जून ही तारीख लागली आणि तेव्हापासून सर्व कागदांवर तीच आहे. नवी तारीख शोधून काढू नका.

लग्नात पत्नीचं पहिलं नावही बदललं, त्याची काळजी करू नका. माहेरचं पूर्ण नाव डीएस-२६० मधल्या ‘इतर नावं’ या रकान्यात लिहा आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं आहेत का ते बघा. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर हवं. भाषांतर अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहिलेलं असावं, आणि मूळ कागद व भाषांतर एकाच फाइलमध्ये चढवावेत.

तुम्ही १९९८ ते २००१ मस्कतला होता, हे पत्रात ओझरतं आलं आहे. भारताचं, आणि वयाच्या सोळाव्या वर्षानंतर १२ महिने किंवा त्याहून जास्त काळ राहिलेल्या प्रत्येक दुसऱ्या देशाचं पोलिस प्रमाणपत्र लागतं. भारतातलं पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्या. स्थानिक पोलिस ठाण्याचा दाखला चालत नाही. मुलीलाही ते लागेल. ओमानचं प्रमाणपत्र कसं मिळतं, ते परराष्ट्र खात्याच्या देशवार पानावर वाचून याच आठवड्यात हालचाल सुरू करा, कारण बाहेरच्या देशातून कागद आणण्यात सगळ्यांत जास्त वेळ जातो.

मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे, असंही लिहिलं आहे. बोलणी करा, साखरपुडाही करा. पण व्हिसा मिळून ती अमेरिकेत प्रवेश करेपर्यंत लग्न नको, आणि ‘नुसतं रजिस्टर करून ठेवू’ हे तर मुळीच नको. विवाहित झाली की ती या केसमधून बाहेर पडते, मग सीएसपीएचं वय कितीही भरो.