जुन्या पोलिश खेड्यातल्या मुलीला ठरवलेलं लग्न नाकारता यायचं का?

यायचं. पण ती नाही कुणाला म्हणते आणि त्याची जमीन किती, यावर पुढचं सगळं ठरायचं.

कामानिमित्त मी तीन वर्षं पोलंडमधल्या वूच शहरात राहिले. घरमालकीण पंच्याहत्तरीच्या, वोविचजवळच्या खेड्यातल्या. (तिकडे बाईला आदराने 'पानी' म्हणतात. पहिला महिनाभर मला कुणीतरी पाणी मागतंय असंच वाटायचं.) त्यांच्या आजीची ही हकिगत, पहिल्या महायुद्धाच्या थोडी आधीची.

तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारकडे होता. १८६४ मध्ये कुळांना जमिनी मिळाल्या, पण पुढच्या दोन पिढ्यांत वाटण्या होऊन तुकडे पडले. आजीच्या बापाकडे पाच मोर्ग. मोर्ग म्हणजे आपले साधारण ५५ गुंठे, म्हणजे सगळी मिळून सातेक एकर, आणि खाणारी तोंडं सात. गावातल्या एका विधुराकडे याच्या तिप्पट. आजी एकोणीस वर्षांची, तो पन्नाशीला टेकलेला. बापाच्या डोळ्यांपुढे शेत होतं, जावई नव्हे. बार्शीकडे माझ्या आत्याचं लग्नही असंच ठरलं होतं, त्यामुळे मला हे नवीन वाटलं नाही.

मागणी घालायला मध्यस्थ यायचा तो व्होडकाची बाटली घेऊन. इकडचं तिकडचं बोलणं झालं की तो पेला मागायचा. मुलगी त्यातून प्यायली की होकार. मग सलग तीन रविवार चर्चमध्ये पाद्री लग्नाची घोषणा करणार, म्हणजे माघारीची वाट बंद. मुलीला नको असेल तर ती लाजून चुलीआड जायची, घरचे काहीतरी सबब सांगायचे, कुणाची अब्रू जायची नाही. आजीने तसं केलं नाही. तिने पेला उचलला आणि सगळ्यांदेखत टेबलावर पालथा ठेवला.

बापाने पट्ट्याने मारलं. पण घरमालकीणबाई त्यावर फार बोलायच्या नाहीत, बोलायच्या ते पिसांवर. हिवाळ्यात बायका एका घरी जमून उश्या-रजयांसाठी बदकांची पिसं सोलायच्या. गाणी, कुचाळक्या, सोयरिकी सगळं तिथेच. त्या हिवाळ्यात आजीला एकाही घरून बोलावणं आलं नाही. चर्चमध्ये ती बसली की शेजारची सरकून बसे.

वसंत लागताच ती जर्मनीत बीटाच्या शेतावर गेली. याला ते 'साक्सी'ला, म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीला, जाणं म्हणत. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या जातात ना, तसंच. पीकही साखरेचंच, मुकादमही तसलेच. हिवाळ्यात परक्या मजुरांना जर्मनीत थांबू देत नसत, म्हणून दरवर्षी गावी परत यावंच लागे. पहिल्या खेपेला ती स्वतःच्या पैशाचे चामडी बूट घालून आली. ते बूट आजही पानींच्या रंगीत पेटीत, पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी घागऱ्याखाली आहेत. मी हातात घेतले होते. टाचेला खिळ्यांची दुहेरी रांग आहे.

पुढे तिने एका भूमिहीन सुताराशी लग्न केलं.

आणि तो विधुर? आजी जर्मनीत असताना त्याने तिची सतरा वर्षांची धाकटी बहीण केली. दोघी आयुष्यभर एकाच चर्चमध्ये जात होत्या, पण एका बाकावर कधी बसल्या नाहीत.