वाळवंटात काँक्रीट लवकर सेट होतं, म्हणजे घराचा पाया जास्त पक्का होतो का?

तुझा प्रश्न असा: सिव्हिलचा डिप्लोमा करून यूएईला साइटवर निघालोय, तिकडच्या उन्हात काँक्रीट लवकर सेट होतं म्हणजे जास्त मजबूत होतं का, आणि घराचा पाया किती खोल घेतात? वयाने तू माझ्या पोरांच्या बरोबरीचा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

नाही. लवकर सेट होतं, मजबूत होत नाही. या दोन्ही गोष्टी एकच, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला 1998 साली शारजात भेटला. आज तो माझा व्याही आहे. त्याच्या मुलाला माझी मुलगी दिली आहे, त्यामुळे जे त्याला तोंडावर बोलता येत नाही ते इथे लिहितो. तो, म्हणजे ते, असलं काही वाचत नाहीत.

मी चिपळूणचा. आमच्याकडे पाया म्हणजे जांभा लागेपर्यंत खणायचं, आणि जून लागला की काँक्रीटवर पाणी मारायचं काम पाऊसच करतो. तिथून उठून मी ऑगस्टात शारजाच्या साइटवर उभा राहिलो. सळईला हात लावला तर चटका बसायचा. हा माणूस तिथला आमचा फोरमन, कऱ्हाडकडचा. शिक्षण कमी, पण हात असा की मिक्सर गाडीच्या फिरत्या ड्रमच्या आवाजावरून स्लम्प, म्हणजे माल किती पातळ किंवा घट्ट ते, सांगायचा, आणि तो बरोबर निघायचा. हे मी तेव्हाही मान्य करत होतो, आताही करतो. भांडण त्याच्या हाताशी नव्हतंच.

घर साधंच होतं, तळमजला आणि वर एक मजला. फुटिंग, म्हणजे कोलमखालचे पायाचे काँक्रीटचे चौथरे, 16. प्रत्येक 2.4 मीटर बाय 2.4, जाडी अर्धा मीटर, म्हणजे नगाला 2.88 घनमीटर माल. 6 घनमीटरच्या आठ गाड्या लागणार होत्या. जमीन किनाऱ्याजवळची सबखा, म्हणजे खारपड. दीड मीटर खणलं की खारं पाणी, त्यामुळे उपसा पंप रात्रंदिवस चालू. गुरुवार होता. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची, म्हणून गुरुवारी काय वाट्टेल ते करून ओतकाम संपवायचं, असा सगळ्यांचाच हिशेब.

गाड्या पहाटे 4 ला मागवल्या होत्या. पहिली आली साडेसातला, कारण प्लांटवर कुणाचं तरी मोठं काम लागलं होतं. पहिल्या दोन गाड्यांचा माल 31-32 डिग्री, बर्फ घातलेला, मस्त. आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये ओततानाच्या मालाला 32 ची मर्यादा होती. चार फुटिंग भरली. तिसरी गाडी आली तेव्हा मी दुसऱ्या टोकाला लेव्हल बघत होतो. पाचवं आणि सहावं भरलं, सातव्यात अर्धी वीत माल पडला, गाडी संपली. त्या गाडीत होजने पाणी मारलं होतं हे मला हेल्परकडून नंतर कळलं. चौथी गाडी साडेनऊला आली. चिठ्ठी बघितली, प्लांट सोडून 1 तास 50 मिनिटं झालेली. थर्मामीटर खुपसला, 38. माल इतका घट्ट की काँक्रीटचा पंप घेईना. आणि आमचे फोरमनसाहेब होज घेऊन ड्रमवर चढले.

मी म्हटलं, खाली उतर. तो म्हणाला, "दोनच बादल्या."

दोन बादल्यांचा हिशेब ऐक. घनमीटरमागे 5 लिटर पाणी वाढलं की स्लम्प साधारण इंचभर वाढतो आणि ताकद दीड मेगापास्कलच्या (ताकद मोजायचं एकक) आसपास घटते. 6 घनमीटरच्या गाडीत 30 लिटर, म्हणजे झाल्याच दोन बादल्या. पण होजने कधी कुणी दोन बादल्या मारल्यात? होज चालू राहतो आणि माणूस बिडी पेटवतो. नुसती ताकद गेली असती तरी एक वेळ चाललं असतं, घराच्या फुटिंगवर भार असतो तो किती. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक नळ्या ठेवून जातं. खारपडीत त्याच नळ्यांनी मीठ आत शिरतं, हा खरा रोग.

"अरे, तू कागद बघतोस, मी माल बघतो," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मी गाडी परत पाठवली.

पुढची गाडी 10:50 ला आली. तोवर सातव्या फुटिंगमधला माल असा कडक झाला होता की खिळा रुतेना. म्हणजे कोल्ड जॉइंट: कडक झालेल्या थराशी वरचा नवा माल नीट एकजीव होत नाही. वरून फोन आला की टाचे मारून वरचा भाग खडबडीत करा, धुवा, सिमेंटची पातळ स्लरी लावा आणि भरा. सातवं भरलं, बाकीची शनिवारी पहाटे केली. माझा पाच दिवसांचा पगार कापला आणि दोन महिने मला स्टोअरमध्ये सळया मोजायला बसवलं. तेव्हापासून आजतागायत, लग्नात, बारशात, दिवाळीला, विषय निघाला की व्याहीबुवांचं एकच वाक्य: "पाव्हणं, क्यूब पास झालं न्हवं का?"

झाले. क्यूब म्हणजे ताकद तपासायला त्याच मालातून साच्यात भरलेला ठोकळा. का झाले ते सांगतो, कारण तुला हे कुठल्याही कॉलेजात शिकवणार नाहीत. तिसऱ्या गाडीचे क्यूब पाणी मारायच्या आधी भरले होते. शिवाय क्यूब दुसऱ्या दिवशी साच्यातून निघतो आणि लॅबच्या टाकीत जाऊन गार पाण्यात 28 दिवस आरामात पडतो. क्यूब एसीत वाढतो, फुटिंग उन्हात. त्याचा निकाल याला लावणं म्हणजे शहरातल्या भावाची मार्कलिस्ट गावातल्या भावाच्या नावावर दाखवणं.

आता तुझ्या 'लवकर' वर येतो. तवा फार तापला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते. सिमेंटचंही तसंच. उष्णतेत सिमेंटच्या कणाभोवती पटकन कवच धरतं, मग आतल्या भागापर्यंत पाणी नीट पोचत नाही. 7 दिवसांची ताकद बघून खूश व्हावं, 28 दिवसांची मात्र थंड मालापेक्षा कमी भरते. शिवाय वरचा पृष्ठभाग. माल तापलेला, हवा कोरडी, त्यात वारा. एका चौरस मीटरवरून तासाला 1 किलोच्या पुढे पाणी उडायला लागलं की तडे आलेच म्हणून समज. त्या दिवशी 11 वाजता पाचव्या आणि सहाव्याच्या डोक्यावर नखाची कड जाईल एवढ्या भेगा मी डोळ्यांनी बघितल्या. लोक वाऱ्याला हसतात. ऊन दिसतं, वारा दिसत नाही. बाजूने हिरवी जाळी बांध, आणि रंधा मारून झाला की लगेच वर प्लास्टिक टाक. सेट होईपर्यंत वाट बघू नकोस.

आणि मग पाणी. गुरुवारी ओतलं, शुक्रवारी सुट्टी. गोणपाट भिजवून टाकलं होतं, ते शुक्रवारी सकाळी पापडासारखं वाळलेलं. कॅम्पमधल्या स्वयंपाक्याला घेऊन मी स्वतः गेलो. तर तिथला राखणदार उपसा पंपाचं पाणी फुटिंगवर मारत होता, बिचारा मदतच करत होता! समुद्राचं पाणी बरं म्हणावं असलं ते खारं. टँकरचं गोडं पाणी मागवून सगळं धुऊन काढलं, त्याचे पैसे आजपर्यंत मिळालेले नाहीत. म्हणून सांगतो, गोणपाट ओलं, त्यावर पॉलिथिन, कडेने वाळूची पोती, आणि 7 दिवस कुणाच्या तरी नावावर जबाबदारी. सुट्टीच्या दिवशी सुद्धा. ओतायच्या आधी सळई गोड्या पाण्याने धू. रात्री दव पडतं, त्याबरोबर खारट धूळ सळईला चिकटते, दिसत नाही.

एसआरसी, म्हणजे सल्फेटला तोंड देणारं सिमेंट वापरलं की झालं, असं तुला तिथे दहा जण सांगतील. व्याहीबुवा त्यांतले पहिले. सल्फेट काँक्रीटला खातं, क्लोराइड सळईला खातं. एसआरसी पहिल्याचा बंदोबस्त करतं. दुसऱ्याच्या बाबतीत उलट आहे: सिमेंटमधला जो घटक सल्फेटला बळी पडतो, तोच थोडंफार क्लोराइड बांधून ठेवतो, आणि एसआरसीमध्ये नेमका तोच कमी केलेला असतो. खारपडीत दोन्ही शत्रू एकत्र असतात. तिथे स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) किंवा मायक्रोसिलिका (सिलिकाची अतिबारीक पूड) घातलेला दाट माल, सळईवर 75 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, खाली पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) आणि पाणी अडवणारं मेम्ब्रेन, बाजूंनी डांबराचा लेप. हा लेप जमिनीच्या वरपर्यंत ने. खारं पाणी कोलमच्या मानेतून, म्हणजे फुटिंगच्या वरच्या जमिनीतल्या भागातून, वर चढतं आणि जमिनीलगत सुकतं, मीठ तिथेच साठतं. खाडीच्या देशातली जुनी घरं बघ, सडलेला पट्टा बहुतेक वेळा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असतो.

2011 मध्ये त्याच मालकाने घराच्या बाजूला मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, वाढवायचं काढलं आणि काम आमच्याच कंपनीकडे आलं. फोरमन तोवर गावी परतला होता. मी मुद्दाम ती साइट मागून घेतली, खोटं कशाला बोलू. खणल्यावर पाचव्या आणि सहाव्या फुटिंगची एकेक बाजू उघडी पडली. सहाव्यावर लेप सुटलेला, मानेपाशी भेग, भेगेतून तांबडा ओघळ. मी फोटो काढला, 13 वर्षांनी माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून जरा हात थरथरला सुद्धा. पाचवं मात्र ठणठणीत होतं. तीच गाडी, तेच पाणी. त्याचाही फोटो काढला, पण तो बरीच वर्षं कुणाला दाखवला नाही.

आता माझ्या विरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी. एक, गाडी परत पाठवण्यात मी चुकलो नाही, पण ती अर्ध्या फुटिंगवर परत पाठवण्यात चुकलो. पंप थांबवायचाच होता तर सहाव्यानंतर, सातवं सुरू व्हायच्या आधी थांबवायला हवा होता. आणि एकदा माल धरल्यावर तो थर फोडून काढायला लावायचा. तेवढा आवाज त्या दिवशी माझ्या गळ्यात नव्हता. दुसरं, घट्ट माल पंप घेत नसेल तर पाण्याशिवाय उपाय असतो: प्लांटच्या माणसाच्या हातून माल सैल करणाऱ्या रसायनाचा, म्हणजे अ‍ॅडमिक्श्चरचा मोजून डोस, तोही वेळ टळली नसेल तरच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फोरमनला माहीत होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

राहिला खोलीचा प्रश्न. आम्ही केलेल्या घरांत फुटिंगचा तळ बहुतेक दीड मीटरच्या आसपास यायचा, पण हा आकडा घेऊन कुठे जाऊ नकोस. खारपडीत पाणी कुठे लागतं ते बघावं लागतं. आतल्या वाळवंटात वेगळाच फास आहे. तिथली कोरडी जमीन जिप्समने आणि मिठाने धरलेली असते, कुदळ लागत नाही, माणसाला वाटतं खडक आहे. मालक राहायला येतो, हिरवळ लावतो, खजुरांना रोज पाणी सोडतो, एखादी टाकी गळते, आणि ते मीठ विरघळून कोपरा खाली बसतो. वाळवंटातलं घर पाण्याने बुडतं, हे ऐकून आमच्या गावी लोक हसले होते. म्हणून आधी माती तपासणी, मग गरज असेल तर ती माती काढून चांगला भराव थराथराने दाबून, मग खोली. तुझी साइट कुठली आणि रिपोर्टात काय लिहिलंय ते टाक, मग बोलू.

हो, आता 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते 3 उन्हातलं काम यूएईत बंद असतं, आमच्या वेळी नव्हतं. त्यामुळे ओतकाम आपोआप रात्री जाईल असं समजू नकोस. सकाळी 11 ला 38 डिग्रीचा माल ओतायला कायद्याने कुणी अडवत नाही.

सहाव्या फुटिंगचा तो फोटो मी लग्न ठरल्यावर व्याह्यांना पाठवला. म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "सात नंबरचा फोटू कुठाय?"

सात नंबर मालकाच्या स्वयंपाकघराखाली आहे.

ता. क. जास्तीचं सिमेंट घालावं का, असं तू खाली कमेंटमध्ये विचारलंयस. नको. सिमेंट वाढलं की मालाची स्वतःचीच उष्णता वाढते. त्या पैशात थर्मामीटर घे, स्वतःचा. कंपनीचा असतो तो नेमका गाडी आल्यावर सापडत नाही.