टाकीतल्या पाण्याचा वास आणि जादा नत्र: काम जिवाणूंचं, सोय आपली

प्रश्न : गोठा धुतलेलं पाणी टाकीत साठवतो. ते काळं पडतं, कुजक्या अंड्यासारखा वास मारतं. पिकाला सोडलं की पीक नुसतं पानांनी माजतं आणि लोळतं. जिवाणूंची पावडर टाकून पाहिली, फरक नाही. काय करावं?

उत्तर : पावडरीवर आणखी पैसे घालू नका. लागणारे जिवाणू शेणात, मातीत, तुमच्या टाकीतल्या गाळात आधीच आहेत. अडलंय ते हवेपाशी.

साठलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की काही जिवाणू सल्फेटवर (पाण्यातल्या गंधकाच्या क्षारावर) जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. वास त्याचाच. तो पाण्यातल्या लोहाशी मिळाला की काळा रंग येतो. पीक लोळतं ते मात्र नत्र जास्त झाल्यामुळे.

पण सगळं नत्र काढायलाच हवं का? जमीन पुरेशी असेल तर ते घालवणं म्हणजे विकतचं खत हवेत सोडणं. आधी पाण्यातलं नत्र तपासून घ्या, तेवढी युरियाची मात्रा कमी करा आणि पाणी पातळ करून द्या. जमीन कमी पडते किंवा पाणी ओढ्याला जाणार आहे, तरच पुढचा खटाटोप करा.

त्यासाठी दोन टाक्या लागतात. दुसरीत ब्लोअरने हवा द्यायची. तिथे नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू त्याचं नायट्रेट. १ किलो अमोनिया-नत्राला सुमारे ४.६ किलो प्राणवायू लागतो, म्हणून ब्लोअर निवडताना काटकसर नको. या क्रियेत आम्ल तयार होतं. ते मारायला दर किलो नत्रामागे ७ किलोंच्या आसपास चुनखडी लागेल इतकं. पाण्याच्या अंगचा विम्लपणा (आम्ल मारायची ताकद) पुरला नाही तर सामू (pH) घसरतो आणि ६.५ च्या खाली काम जवळपास थंडावतं. बरेचजण अशा वेळी हवा वाढवत बसतात. आधी सामू बघा. हे जिवाणू फार सावकाश वाढतात, तेव्हा गाळ सारखा उपसू नका आणि काही आठवडे धीर धरा.

आता खरी गंमत. दुसरीतलं नायट्रेटयुक्त पाणी पंपाने पहिल्या, वास येणाऱ्या टाकीत परत आणा. तिथे हवा द्यायची नाही. प्राणवायू नसल्यामुळे जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि नत्र निरुपद्रवी वायू होऊन उडून जातं. काही जण शेणातला सेंद्रिय भाग खातात, तर थायोबॅसिलस डीनायट्रिफिकन्ससारखे थेट सल्फाइडच. नत्र आणि गंधक दोन्ही एकाच ठिकाणी निकालात निघतात, शिवाय खर्च झालेला विम्लपणाही काहीसा परत मिळतो. नायट्रेट कमी पडलं तर गंधकाचे कण सुटून पाणी दुधाळ दिसतं, पुरेसं असेल तर गंधकाचं सल्फेट होतं. हे सल्फेट पाण्यातच राहतं. म्हणून शुद्ध झालेलं पाणी पुन्हा गाळावर साठवून ठेवू नका, वास परत येईल.

जुना गाळ ढवळताना सल्फाइड वायू एकदम उसळतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागी साचतो. प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. त्यामुळे वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ढवळताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा आणि टाकी रिकामी असली तरी आत उतरू नका. कोणी आत कोसळलं तर मागोमाग उडी न घेता श्वसनसाधनं असलेल्या बचाव पथकाला बोलवा.