जुन्या नोव्हात पिकअपचे ५.३ लिटर इंजिन : वाचकांचे प्रश्न

१९६८ ते १९७४ या वर्षांतली शेव्हरोले नोव्हा अमेरिकेत कॉम्पॅक्ट म्हणून विकली गेली. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००७ च्या पिकअपमधले ५.३ लिटरचे व्ही-८ (कंपनीच्या भाषेत एलएम७) तिच्यात बसवण्याविषयी बरेच प्रश्न आले आहेत. इंजिन बसते, त्यात शंका नाही. काम अडते ते इंजिनाच्या कडांना : खाली ऑइल चेंबर, पुढे पुल्या, मागे क्रँकची फ्लँज (गिअरबॉक्सकडचे तोंड). म्हणून या वेळच्या उत्तरांत मापे जास्त आहेत.

प्रश्न : भंगारवाल्याकडे इंजिन ‘५.३’ म्हणून मिळते आहे. ते ४.८ नाही हे कसे ओळखायचे? आणखी काय बघून घ्यावे?

४.८ आणि ५.३ यांचा ब्लॉक बाहेरून सारखाच. ब्लॉकवर ओतलेला आकडासुद्धा ‘४.८/५.३’ असा दोन्हींसाठी एकच असतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. मूळ ट्रकचा व्हीआयएन (गाडीचा ओळख-क्रमांक) मिळाला तर त्यातले आठवे अक्षर पाहा. ‘टी’ म्हणजे एलएम७, ‘व्ही’ म्हणजे ४.८, ‘झेड’ म्हणजे इथेनॉलवरही चालणारे ५.३, ‘बी’ म्हणजे ॲल्युमिनियम ब्लॉकचे ५.३, ‘यू’ आणि ‘एन’ म्हणजे ६.० लिटर. क्रमांक नसेल तर एक प्लग काढा, भोकातून लाकडी काडी पिस्टनवर टेकवा आणि दुसऱ्याला क्रँक हाताने फिरवायला सांगा. ४.८ चा स्ट्रोक ८३ मिमी, ५.३ चा ९२ मिमी. प्लगचे भोक तिरके असल्याने काडीवर माप थोडे जास्त दिसेल, तरी नऊ मिलिमीटरचा फरक लपत नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दबणाऱ्या हवेचा दाब. सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घ्या. सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्त सिलिंडरच्या ७० टक्क्यांखाली नको आणि कुठलाच १०० पीएसआयखाली (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड) नको.

हेडवर ‘७०६’ हा ओतीव क्रमांक असेल आणि सोबत कॅस्टेक फाउंड्रीचे चिन्ह असेल तर टॅपेट कव्हर काढूनच सौदा करा. त्यांतली काही हेडे मधल्या हेड-बोल्टपाशी चिरतात. बाहेर थेंबही न दिसता कूलंट कमी होत राहते आणि शेवटी तेलात उतरते. कव्हरखाली त्या जागी धुवून निघाल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला की ते हेड सोडून द्यायचे.

आणि इंजिन एकटे घेऊ नका. वायरिंग, संगणक, एक्सलरेटर पेडल, गिअरबॉक्स, पुढच्या पुल्या आणि ब्रॅकेट हे सगळे एकाच ट्रकमधून उचला. सुटे गोळा करताना जुळत नसलेल्या भागांवर पैसा जातो तो वेगळाच.

प्रश्न : इंजिन ठेवून पाहिले तर ऑइल चेंबर क्रॉसमेंबरच्या (चॅसिसच्या आडव्या दांड्याच्या) बरेच खाली लोंबते. चेंबर कापून वेल्ड केले तर चालेल का?

आम्ही तसे सुचवणार नाही. या इंजिनात चेंबर नुसते तेलाचे भांडे नसते. ते जाड ओतीव ॲल्युमिनियमचे असते, मागून गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला बोल्टने जोडलेले असते आणि दोन्हींना ताठपणा देते. तेल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियमवरचे वेल्डिंग भरवशाचे होत नाही, आणि जोड सुटला तर रस्त्यावर काही सेकंदांत बेअरिंग जातात.

ट्रकचे चेंबर खोल असते. १९९८–२००२ च्या कॅमेरोचे (ही शेव्हरोलेचीच स्पोर्ट्स कार) साधारण तीन इंचांनी उथळ आहे. पण या वर्षांच्या नोव्हात स्टिअरिंगची आडवी लिंक क्रॉसमेंबरच्या मागे, इंजिनाखालून जाते. त्यामुळे कॅमेरोचे चेंबर सरळ चाकांना मोकळे दिसते आणि पूर्ण वळणावर लिंकला घासते. अशा अदलाबदलीसाठीच बनवलेले, लिंकसाठी खाच ठेवलेले चेंबर घेणे बरे. कुठलेही घेतले तरी पुढची चाके दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून अंतर तपासा. किमान १० मिमी मोकळे हवे, कारण माउंटच्या रबरावर इंजिन हलते.

चेंबर बदलले की तेल खेचणारी पिकअप नळी, तिच्याखालची पन्हाळी आणि डिपस्टिक हेही त्याच जोडीचे लागतात. नळीच्या तोंडाची ओ-रिंग नवीन, तेल लावून, हाताने दाबून बसवा आणि बोल्ट १२ न्यूटन-मीटरवर थांबवा. ही रिंग चिमटली तर पंप तेलासोबत हवा ओढतो. तेलाचा दाब कमी दिसतो आणि लोक बेअरिंगला दोष देत बसतात. चेंबर आवळण्याआधी त्याची मागची कड ब्लॉकच्या मागच्या कडेशी सरळपट्टी लावून समपातळीत आणा, मग ब्लॉकचे बोल्ट २५ न्यूटन-मीटर. कड मागेपुढे राहिली तर बेलहाउसिंगचे बोल्ट आवळताना चेंबरलाच तडा जातो.

प्रश्न : एसीचा कॉम्प्रेसर चॅसिसला लागतो आणि इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बॉनेटला. आधी काय बदलू?

दोन्ही एकत्र ठरवा, कारण ते एकमेकांत अडकलेले आहेत. ट्रकचा कॉम्प्रेसर उजवीकडे खाली असतो आणि नोव्हाच्या सबफ्रेमला (चॅसिसच्या पुढच्या सांगाड्याला) तिथेच भिडतो. सबफ्रेम कापण्यापेक्षा कॉम्प्रेसर वर आणणारे ब्रॅकेट घेणे शहाणपणाचे.

ट्रकचा इनटेक उंच आहे. त्याच्या माथ्यावर मळलेल्या मातीचे गोळे ठेवून बॉनेट हळूच बंद करा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. अर्ध्या इंचापेक्षा कमी निघाली तर कॅमेरोचा ठेंगणा इनटेक लावा, त्याची फ्युएल रेल आणि इंजेक्टरही सोबत घ्या. मात्र त्या इनटेकचा थ्रॉटल खाली येतो आणि ट्रकच्या पाण्याच्या पंपाचे वर निघालेले तोंड त्याला आडवे येते. म्हणजे पंप बदलला, आणि पंप बदलला की पुल्यांची रांग बदलली.

रांगेचे माप असे : कॉर्व्हेटची (ही शेव्हरोलेचीच दुसरी स्पोर्ट्स कार) पुली ब्लॉकच्या सर्वांत जवळ. कॅमेरोची तिच्यापुढे पाऊण इंच, ट्रकची दीड इंच. क्रँकची पुली, पाण्याचा पंप आणि ब्रॅकेट एकाच रांगेचे हवेत. एक जरी दुसऱ्या रांगेचे आले तरी पट्टा तिरका पळतो आणि निसटतो.

क्रँक पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो. जुना बोल्ट ३३० न्यूटन-मीटरला आवळून पुली जागेवर बसवा, तो काढून टाका, नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटर आणि त्यापुढे १४० अंश.

प्रश्न : गाडीतला जुना टीएच३५० गिअरबॉक्स ठेवायचा आहे. बेलहाउसिंगचे बोल्ट तर जुळतात.

सहापैकी पाच जुळतात, आणि तेवढ्याने काम भागते. खरा फरक आत आहे. नव्या क्रँकची मागची फ्लँज जुन्या स्मॉल-ब्लॉकपेक्षा (शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-८ पेक्षा) ०.४ इंच, म्हणजे सुमारे १० मिमी, आत आहे. तसेच जोडले तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) पुढचा हब क्रँकच्या खोबणीत पोचत नाही. तो आधाराविना फिरतो, फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती) दर फेरीला वाकते आणि काही दिवसांत चिरते. कन्व्हर्टर ओढून पुढे आणला तर तो गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या दात्यांतून सुटतो आणि पंप फुटतो. त्यासाठी त्या जाडीचा स्पेसर आणि लांब बोल्ट मिळतात. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट २०, ५० आणि १०० न्यूटन-मीटर अशा तीन फेऱ्यांत आवळा.

गिअरबॉक्स ब्लॉकला टेकल्यावर कन्व्हर्टर मागे पूर्ण बसलेला असताना तो आणि फ्लेक्सप्लेट यांत ३ ते ५ मिमी फट हवी. हाताने फिरवून, पुढे ओढून ती मोजा. फट नसेल आणि तुम्ही बोल्टच्या जोरावर बेलहाउसिंग ओढून घेतले, तर पंप सेल्फ मारण्याआधीच गेलेला असतो.

ट्रकचाच ४एल६०ई गिअरबॉक्स घेतला तर स्पेसरची भानगड नाही. तो आखूड शेपटीच्या टीएच३५० पेक्षा साधारण ७५ मिमी लांब आहे, त्याचा माउंट दोन इंचांहून थोडा मागे येतो, आणि प्रॉपेलर शाफ्ट तेवढा कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो. दोघांचा योक (गिअरबॉक्समध्ये सरकणारे शाफ्टचे टोक) २७ दात्यांचाच. शाफ्टचे माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या आणि योक पूर्ण आत गेल्यावर सुमारे एक इंच मागे राहील असे धरा.

प्रश्न : इंजिन लगेच सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते. पेट्रोलचा दाब बरोबर आहे.

ही चोरीविरोधी यंत्रणा आहे. संगणक मूळ ट्रकच्या किल्लीचा संकेत शोधतो, तो न मिळाल्याने इंजेक्टर बंद करतो. संगणकाच्या प्रोग्राममधून ती यंत्रणा काढून घ्या, वायरिंगमध्ये शोधत बसू नका.

याच्याशी गल्लत होणारे दुसरे लक्षण : सेल्फ मारताना इंजिन पकडत नाही, किल्ली सोडताक्षणी पकडते. त्याचा अर्थ, संगणकाची इग्निशनची तार अशा जागेवरून घेतली आहे जिथला पुरवठा सेल्फ मारताना तुटतो. ती ‘रन’ आणि ‘स्टार्ट’ दोन्हीत जिवंत राहणाऱ्या टोकावरून घ्या. पण जुन्या कॉइलची तार वापरू नका. पॉइंटच्या (जुन्या यांत्रिक इग्निशनच्या) काळातली ती तार मुद्दाम रोध असलेली असते आणि भार आल्यावर बारा व्होल्टपेक्षा बराच कमी दाब देते. संगणक त्यावर कधी जागा होतो, कधी होत नाही. तिचा उपयोग फक्त रिले ओढण्यापुरता करा आणि मुख्य पुरवठा बॅटरीवरून फ्यूज लावून आणा.

अर्थिंग तीन ठिकाणी : बॅटरीपासून ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकपासून बॉडीला पट्टी, आणि संगणकाच्या अर्थच्या तारा मूळच्या जागी हेडच्या मागे. रंग खरवडून, उघड्या धातूवर.

संगणक बदलणार असाल तर त्याचे प्लग पाहा. १९९९–२००२ चे निळा आणि लाल, २००३ पासूनचे निळा आणि हिरवा. पिनांची मांडणी वेगळी आहे. २००३ नंतर थ्रॉटलला केबल नाही. तेव्हा पेडल, थ्रॉटलचे मॉड्यूल आणि संगणक एकाच संचातले हवेत, नाहीतर इंजिन मंद गतीच्या वर जात नाही.

प्रश्न : जुन्या टाकीला बाहेरून इलेक्ट्रिक पंप लावला. गाव फिरून आले की इंजिन झटके देते.

बाहेरच्या पंपाला पेट्रोल ओढावे लागते. गरम पेट्रोल ओढताना त्याची वाफ होते आणि पंप वाफ पिळत बसतो. पंप टाकीत बुडवा, ताशी २५५ लिटरचा पुरेसा. कार्ब्युरेटरच्या काळातल्या टाकीत आडपडदे नसतात, म्हणून पंपाभोवती छोटी वाटी हवी, नाहीतर पाव टाकीवर वळणात पेट्रोल बाजूला जाते आणि तुम्ही म्हणता तसाच झटका बसतो.

दाब ५८ पीएसआय. १९९९–२००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर घेतला तर त्यातच रेग्युलेटर आणि परतीचे तोंड असते. तो टाकीजवळ लावा, पुढे एकच नळी जाते. रबरी होज ‘३०आर९’ छापलेलाच, टाकीच्या आत ‘३०आर१०’. कार्ब्युरेटरचा होज या दाबाला फुटतो आणि खाली गरम सायलेन्सरचा पाइप असतो. इथे काटकसर करू नका.

प्रश्न : रेडिएटर नवा, पंखे दोन, तरी तापमान वर-खाली उड्या मारते.

हेडवरून निघणारी वाफेची बारीक नळी कुठे जोडली आहे? ती बुजवली असेल तर हेडच्या माथ्याशी वाफेचे बुडबुडे अडकतात. सेन्सरला कधी पाणी लागते, कधी वाफ. नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीला किंवा सर्वांत उंचावरच्या भांड्याला न्या. पाणी भरताना गाडीचे नाक उंच ठेवा.

प्रश्न : टॅकोमीटर निम्मे आकडे दाखवतो.

संगणकाचा संकेत चार सिलिंडरच्या हिशेबाचा आहे. मीटर चार सिलिंडरवर लावा किंवा प्रोग्राममध्ये बदला. काटा हलतच नसेल तर संकेताची तार आणि बारा व्होल्ट यांच्यामध्ये ५ किलो-ओहमचा रेझिस्टर जोडा.

प्रश्न : २००८ चे ५.३ स्वस्तात मिळते आहे.

त्यातली अनेक इंजिने कमी भारावर चार सिलिंडर बंद करतात. त्या सिलिंडरचे टॅपेट लिफ्टर अडकतात आणि कॅमशाफ्ट खातात. ती यंत्रणा काढायची तर कॅम, लिफ्टर, त्यांचे ट्रे, मधले झाकण आणि प्रोग्राम एवढे सगळे बदलावे लागते. ते पैसे धरून स्वस्त पडत असेल तर घ्या. शिवाय या पिढीच्या क्रँकवरची दात्यांची चकती ५८ खुणांची असते, आधीची २४ची, म्हणून जुना संगणक तिच्यावर चालत नाही.

प्रश्न : सहा महिने उघडे पडलेले इंजिन बसवले आहे. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी?

इंजेक्टर आणि कॉइलचे प्लग काढून ठेवा, स्पार्क प्लगही काढा. ट्रकच्या चेंबरला सुमारे ५.७ लिटर तेल लागते. दुसऱ्या चेंबरला त्याच्या डिपस्टिकप्रमाणे भरा. मग दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये एक मिनिट थांबा. चार-पाच खेपांत तेलदाबाचा काटा उठला नाही तर थांबा. कोरडा पंप तेल पकडत नसतो. इंजिनाच्या मागे वर तेलदाबाचा सेन्सर असतो, तो काढून त्या भोकातून पिचकारीने तेल आत ढकला आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही दाब नाही, म्हणजे पिकअप नळीची ओ-रिंग. चेंबर उतरवा.

गरम झाल्यावर मिनिटाला १,००० फेऱ्यांना ६, २,००० ला १८ आणि ४,००० ला २४ पीएसआय ही कंपनीची किमान मर्यादा आहे. चांगले इंजिन याच्या बरेच वर असते. हे आकडे डॅशबोर्डच्या काट्यावर नव्हे, तात्पुरत्या यांत्रिक गेजवर वाचा.